सिग्रूनच्या स्कीतला मोडका स्क्रू

शनिवार, २ मार्च. सकाळ.
आजपासून रोजनिशी. कारण शास्त्रीय आहे. सिग्रूनच्या डाव्या स्कीवर बूट अडकवायचं जे बाइंडिंग असतं, त्याचा पुढचा स्क्रू मोडला. डोकं माझ्या हातात, धड स्कीच्या पोटात.
बाइंडिंग मुळात सैल नव्हतंच. काल शेजारचा एस्किल कुंपणावरून म्हणाला, "सिग्रून, तुझं बाइंडिंग हलतंय बरं का." माझ्या बायकोच्या पायाकडे हा कशाला बघतो? मी लगेच आवळलं. जरा जास्त आवळलं असेल. स्क्रूच कच्चा होता.
सत्तावीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवतोय. तरफ, घर्षण, सगळं तोंडपाठ. एका स्क्रूची काय कथा!
ईस्टरच्या सुट्टीत रोंडानेच्या डोंगरातल्या आमच्या केबिनवर जायचंय. तेवीस तारखेला, मी आणि सिग्रून, गेली एकतीस वर्षं जातो तसं.
संकल्प : उद्या दुपारपर्यंत स्क्रू बाहेर.

रविवार, ३ मार्च. दुपार.
पक्कड लावली. पकडायला काही नाहीच, तुकडा आत रुतलाय.
सिग्रून म्हणाली, एस्किलला विचारू का, जहाजावर इंजिन सांभाळायचा तो. मी म्हणालो, जहाज वेगळं, स्की वेगळी. जहाज तरंगतं. ती हसली नाही. एस्किल नुसतं "आज गारठा आहे" म्हणाला तरी हसते.

बुधवार, ६ मार्च.
स्क्रूला हात लावला नाही. विचार चालू आहे.
एस्किलविषयी थोडं, नोंद म्हणून. ऑक्टोबरात राहायला आला. एकटाच. वेल्डिंग येतं, सुतारकाम येतं, लोकरीचे मोजे विणता येतात. मोजे! पुरुषाला इतकं येणं बरं नव्हे. आज कुंपणाशी सिग्रून सात वेळा हसली. माझ्याकडे आल्यावर म्हणाली, कचरा बाहेर ठेवलास का.
मला मत्सर वगैरे वाटत नाही. मी निरीक्षण करतोय.

शनिवार, ९ मार्च.
मोडका स्क्रू काढायचं खास हत्यार आणलं. स्क्रूच्या मधोमध बारीक भोक पाडायचं, हत्यार ठोकायचं, डावीकडे फिरवायचं. दुकानदार म्हणाला, हळू फिरवा. मी म्हणालो, टॉर्क म्हणजे काय ते मी पोरांना शिकवतो. त्याने बिल पुढे केलं.

रविवार, १० मार्च. ११.४०
भोक पाडलं. अगदी मधोमध नाही, पण मधल्या भागात.

रविवार. ११.५५
हत्यार मोडलं. आता स्क्रूच्या आत हत्याराचा तुकडा. आणि तो असल्या पोलादाचा की ड्रिलसुद्धा त्यावरून घसरतं.
एस्किलने कुंपणावरून विचारलं, "मदत हवी का रे, आर्नफिन?" मी म्हणालो, सगळं प्लॅनप्रमाणे चाललंय.

मंगळवार, १२ मार्च.
नवी पद्धत. स्क्रूभोवतीचं लाकूड भोकं पाडून मोकळं करायचं. आधी प्रयोग म्हणून माझ्या स्वतःच्या स्कीवर करून पाहिलं. प्रयोग यशस्वी. ड्रिल आरपार गेलं, पण त्यामुळे स्कीची जाडी नेमकी कळली.
आणखी दोन भोकं पाडून खात्री केली.

शुक्रवार, १५ मार्च.
सिग्रूनच्या स्कीवर हीच पद्धत वापरली. इथेही ड्रिल आरपार गेलं. तुकडा मात्र जागेवर. स्कीकडे खालून पाहिलं की गॅरेजचा दिवा दिसतो.
दोन्ही स्की फळीवर ठेवून वर ताडपत्री टाकली. सिग्रूनला सांगितलं, काम शेवटच्या टप्प्यात आहे.

सोमवार, १८ मार्च.
सिग्रून एस्किलकडे चाळीस मिनिटं होती. मी मिनिटांवर डोळा ठेवून होतो. परत आली तेव्हा गाल लाल, ओठांवर शीळ. एवढा वेळ काय केलंत, असं सहज विचारलं. म्हणाली, वॉफल खाल्ले. किती? तर म्हणाली, आर्नफिन, वॉफल कोण मोजतं?
मी मोजले असते.

बुधवार, २० मार्च. संध्याकाळ.
विचारून टाकलं. म्हटलं, तू त्याच्याबरोबर केबिनवर जाणार आहेस ना?
ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, हो म्हणते की काय. मग म्हणाली, "मी डोंगरावर स्की करायला जाणार आहे. माझ्या स्की तीन आठवड्यांपासून गॅरेजमध्ये पडून आहेत. माझं एवढंच म्हणणं आहे. तू चल की. तुझ्या स्की तरी धड आहेत ना?"
मी म्हणालो, ज्या माणसावर अविश्वास दाखवला जातो तो माणूस सुट्टीवर जात नाही.
अविश्वास मीच दाखवला होता, हे नंतर लक्षात आलं. पण वाक्य चांगलं होतं, मागे घेतलं नाही. शिवाय माझ्या स्कीला तीन भोकं आहेत.

शनिवार, २३ मार्च.
सिग्रून सव्वाआठच्या गाडीने गेली, मैत्रीण योर्डिसबरोबर. निदान दिसायला योर्डिसबरोबर. खांद्यावर कुणाच्या तरी जुन्या, लांब स्की. जाताना म्हणाली, फ्रीजमध्ये माशाचं सूप आहे. माझा गाल धरला क्षणभर. तेही केलं नसतं तर बरं, म्हणजे सरळ रागावता आलं असतं.
एस्किल दुपारच्या गाडीने निघणार. खिडकीत बसलोय.

रविवार, २४ मार्च.
एस्किल गेला नाही. हुशार माणूस. संशय येऊ नये म्हणून थांबलाय.

सोमवार, २५ मार्च.
अजून घरीच. चिमणीतून धूर. फारच हुशार.

मंगळवार, २६ मार्च. १०.१५
एस्किल दारात. काठी टेकत. काठी मी पूर्वीही पाहिली होती, मला वाटलं ऐट आहे.
म्हणाला, "आठवडाभर ड्रिलचा आवाज नाही. म्हटलं बघून यावं, जिवंत आहेस ना."
मी म्हणालो, तू डोंगरावर गेला नाहीस?
तो म्हणाला, "कसा जाणार? गुडघ्यात लोखंड भरलंय. सहा वर्षं स्कीवर उभा नाही राहिलो. म्हणून तर माझ्या स्की सिग्रूनला दिल्या. तिच्या बुटाला बसतात की नाही बघायलाच गेल्या सोमवारी अर्धा तास गेला." मग म्हणाला, "ती म्हणत होती, केबिनवर तुझ्याशिवाय चूल धड पेटत नाही."
मी दार सताड उघडलं.
"आत ये," म्हटलं तरी तो उंबऱ्यावरच. म्हणाला, "गॅरेजमध्ये येऊ का? सिग्रूनने बजावलंय, आर्नफिन स्वतः म्हणेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. त्याच्या मनाला लागेल."
तिने हे त्याला सांगितलं होतं. माझ्यासाठी. आणि मी वॉफल मोजायला निघालो होतो.
ये म्हणालो. शब्द लहान आहे, पण स्क्रूइतकाच रुतून बसला होता.

बुधवार, २७ मार्च.
एस्किलने ताडपत्री उचलली, दोन्ही स्की पाहिल्या, आणि "हं" म्हणाला. हसला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.
पोलादी नळीचा बोटभर तुकडा घेतला, त्याच्या कडेला कानशीने दात पाडले, ड्रिलमध्ये बसवला आणि सावकाश, उलटा फिरवला. स्क्रू आणि माझ्या हत्याराचा तुकडा, लाकडासकट, सफरचंदाच्या गाभ्यासारखा बाहेर. चार मिनिटं. भोकात बर्चच्या लाकडाची खुंटी, वर गोंद. खालची बाजू काळ्या प्लॅस्टिकने बुजवली. माझ्या स्कीचंही बघू म्हणाला, पण तीन भोकं आहेत, वेळ लागेल.
मी दिवा धरला होता. दिवा योग्य कोनात धरणं हे निम्मं काम.
उद्या सिग्रूनला फोन करून सांगेन. कुणी काढला, या तपशिलात शिरायचं कारण नाही.

गुरुवार, २८ मार्च. १८.३०
फोन केला. मागे योर्डिस आणि आणखी कोणीतरी खिदळत होत्या. सिग्रून म्हणाली, बर्फ झकास आहे, ऊन आहे, आम्ही रविवारऐवजी बुधवारपर्यंत राहतो.
मी म्हणालो, राहा की. आणि हो, स्क्रू निघाला. चार मिनिटांत.
मग ती म्हणाली, "वा! एस्किलला माझा थँक्यू सांग हं."
मी त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.
सांगून आलो.