वीरगतीचा मूळ अर्थ

ती. आईस,
तुझ्या सेवानिवृत्त वीराचा दंडवत.

मी ठणठणीत आहे. तलवार खुंटीला टांगून हल्ली लोकांच्या सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो. खांदा कुरकुरतो, पण तो पूर्वीपासूनच वाचाळ. तुझे गुडघे काय म्हणतात?

काल राजाचा दूत आला. म्हणाला, "डोंगरावर पुन्हा राक्षस आलाय, चला! वीरगती मिळाली तर चौकात पुतळा उभारू."

मी म्हटलं, "अहो, संस्कृतात गती म्हणजे चालणं. तुमची वीरगती मिळाली की माणूस चालायचाच थांबतो." मी जाणार नाही. तलवार मात्र धार लावून पाठवली. तरुण हातांना उपयोगी पडेल.

गावात मला भित्रा म्हणतील, तू मनावर घेऊ नकोस. बाबांचे नि दादाचे पुतळे चौकात आहेतच. पण ते जेवायला घरी येतात का? मी येतोय.

तुझा,
हाडामांसाचा धाकटा