थंड प्लग आणि पंचांचे दोन दात

तीर्थरूप मामांना,

स्टुलावर बसल्या बसल्या जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. (आणखी वाकले तर समोरच्या कवळीत नाक जाईल.) तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि मागच्या खोलीतली गळती, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. आम्ही सगळे मजेत. म्हणजे मी सोडून सगळे. फोन का नाही केलास असं तुम्ही विचाराल, पण फोनवर तुम्ही तीनदा ‘बरं’ म्हणता आणि ठेवून देता, आणि मला या वेळी चौथा शब्द हवा आहे.

सोमवारपासून दातांच्या लॅबच्या मालकीणबाईंनी मला काउंटरवर बसवलं आहे. आठवडाभर. आज गुरुवार. दंतवैद्यांकडून आलेल्या जबड्यांच्या ठशांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि तयार दात डब्यांत भरायचे, एवढंच काम. ते डबे दवाखान्यांत पोचवायचं माझं काम एका स्कूटरवाल्याला दिलं आहे, जो डावीकडे वळायचं असलं तरी उजवीकडे सिग्नल देतो. तो खिडकीतून दिसतो आणि मला बसवत नाही. (उठून पाणी पिऊन आले. तहान नव्हती.) आणि हे सगळं कशामुळे, तर एका प्लगमुळे. म्हणून अथपासून लिहिते, म्हणजे चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा, फक्त ती माझी आहे असं ठरवू नका.

तुमची मोटरसायकल माझ्या ताब्यात देताना तुम्ही टाकीवर हात ठेवून सांगितलं होतं, की साधा स्पार्क प्लग दर तीन हजार किलोमीटरला उघडून बघायचा, आणि आठ-दहा हजार झाले की तो कितीही शहाण्यासारखा वागत असला तरी बदलायचा. टोक मातकट असेल तर गाडी सुखी. काळं असेल तर काजळी धरतेय, पांढरं असेल तर फार तापतेय. हे मी तंतोतंत पाळलं. (साधारणपणे. तीन हजारांना बघायचं राहिलं, सहा हजारांना पाऊस होता, आणि दहा हजार कधी झाले ते कळलंच नाही, कारण किलोमीटरच्या काट्याची तार तुटली होती.) तर गेल्या महिन्यात गाडी सकाळी सुरू व्हायला सहा किका मागायला लागली, मग नऊ. सिग्नलला उभी राहिली की उचकी लागल्यासारखी करायची, आणि पेट्रोल तर उन्हातून आलेल्या पाहुण्यासारखं प्यायची. मी प्लग उघडला. काळाकुट्ट.

नवा आणायचा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण माझं दुर्दैव असं, की तो प्लग हातात घेऊन मी लॅबमध्ये आले. आमच्याकडे दातांना शेवटचा रंग देणारे एक काका आहेत, त्यांना सगळे ‘बत्तिशी’ म्हणतात. त्यांनी प्लग माझ्या हातातून घेतला, डोळ्याला भिंग लावलं, त्याचा पांढरा भाग नखाने वाजवला आणि म्हणाले, “अगं, हे तर पोर्सिलिन. म्हणजे आमच्यातलंच. याला टाकून काय देतेस?” मग त्यांनी तो वाळूचा फवारा मारायच्या यंत्रात धरला आणि असा लखलखीत करून दिला की एखाद्याच्या तोंडात बसवावा. मीही खुळी, बसवला. (गाडीत.) चार दिवस बरी चालली. पाचव्या दिवशी पुन्हा उचक्या. घासून घासून टोकाच्या कडा गोल झाल्या होत्या आणि फट वाढली होती, हे मला नंतर कळलं. मामा, एवढ्या प्रेमाने कुणी काही केलं की ते चुकलंय असं म्हणवत नाही. काका रोज विचारायचे, “आपला पेशंट कसा आहे?” आणि मी रोज म्हणायचे, “हसतोय.”

शेवटी दुकानात गेले. दुकानदाराने नंबर विचारला. नंबर गाडीच्या पुस्तकात, आणि पुस्तक तुमच्याकडे. मी म्हटलं, “चांगला द्या.” हे मी बोलायला नको होतं. ‘चांगला द्या’ ऐकल्यावर दुकानदाराचा चेहरा कसा उजळतो ते तुम्ही पाहिलं असेल. त्याने वरच्या फळीवरून एक डबी काढली आणि हा शर्यतीच्या गाड्यांचा आहे, थंड प्रकारचा, असं म्हणाला. मला थंड म्हणजे शांत स्वभावाचा वाटला. मी खूश. आता कळतंय की थंड प्लग उष्णता भराभर सोडून देतो. सुसाट पळणाऱ्या गाडीला तो बरोबर, पण माझ्यासारखी दर दहा मिनिटांनी एका दवाखान्यापाशी थांबणारी गाडी त्याला तापवतच नाही. तापला नाही की काजळी जळत नाही, आणि काजळी जळली नाही की तो गुदमरतो. पण हे कुणी सांगायचं? दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

आणि मग तो शनिवार. माझ्याकडे एकच डबी होती, पण जोखमीची. फुटबॉलच्या एका पंचांचे समोरचे दोन दात. मागच्या सामन्यात चेंडू तोंडावर बसून त्यांचे पडले होते. चार वाजता मोठा सामना, आणि दात नसले की शिट्टी ओठांत धरवत नाही. तीनला डबी दवाखान्यात हवी होती. मालकीणबाईंनी निघताना बजावलं होतं, की महिन्यात दोनदा उशीर झालाय, तिसऱ्यांदा झाला तर स्टूल. (त्यांनी स्टुलाकडे बोटही दाखवलं. मी तेव्हा हसले होते.)

पावणेतीनला, पुलाच्या चढावर, सगळ्या वाहतुकीच्या मध्ये, गाडीने एक उसासा टाकला आणि बंद पडली. मी चाळीस किका मारल्या. मागचे लोक आधी हॉर्न वाजवत होते, मग सल्ले द्यायला लागले, आणि सल्ल्यांपेक्षा हॉर्न बरे असं झालं. गाडी कडेला घेतली, दवाखान्यात फोन केला, कुठे अडकलेय ते रडवेल्या आवाजात सांगितलं. वीस मिनिटांनी रिक्षातून एक उंच गृहस्थ उतरले. काळी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी, तोंडावर रुमाल. मी डबी पुढे केली. त्यांनी ती खिशात टाकली. वाटलं, आता जातील. पण ते गाडीकडे बघत राहिले आणि रुमालाआडून म्हणाले, “दुना प्लग हांभाळलाय का?”

मला दोनदा विचारायला लागलं. जुना प्लग. सांभाळला होता, बत्तिशीकाकांच्या प्रेमापोटी, पिशवीत.

मी पाना लावायला धावले तर त्यांनी हात धरला. इंजिन तापलेलं असताना प्लग काढला तर आटे जातात, थोडं थांब, असं त्यांनी खुणेने सांगितलं. मामा, चार वाजता ज्याचा सामना आहे तो माणूस सव्वातीनला पुलावर उभा राहून इंजिन निवायची वाट बघतोय, आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालतेय! मग त्यांनी शर्यतवाला काढला. काजळीने काळा, पेट्रोलने ओला. जुन्याच्या फटीकडे बघून ते मान हलवत राहिले, आणि एकदम खिशातून आपलं पिवळं कार्ड काढलं, फटीत सरकवलं, दगडावर प्लग हलकेच ठोकून फट कार्डाएवढी केली. प्लग हाताने फिरतो तेवढा हातानेच बसवला, शेवटी फक्त पान्याने जरासा आवळला. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. त्यांनी तिला ते पिवळं कार्ड दाखवलं आणि मागे बसले.

आम्ही दवाखान्यात साडेतीनला पोचलो. दात बसले. सामना सात मिनिटं उशिरा सुरू झाला. मी कुंपणाबाहेर उभी होते, आणि पहिली शिट्टी ऐकली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (धूळही होती.) मालकीणबाईंना पंचांनी स्वतः फोन करून माझी बाजू मांडली. त्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि सोमवारी मला स्टूल दाखवलं.

तर मामा, गाडीच्या पुस्तकातून प्लगचा नंबर तेवढा कळवा. अक्षरं, आकडे, सगळं. एक मेकॅनिक म्हणतो इरिडियमच्या टोकाचा महागातला घे, तीस हजार किलोमीटर बघायला नको. दुसरा म्हणतो साधाच घे पण वेळेवर बदल. मला पहिलं आवडतं आणि तुम्ही दुसरं म्हणाल हेही माहीत आहे.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
भाची

ता. क. खरं काम वेगळंच आहे. आईला वाटतं मी वर्षभर काउंटरवरच बसते. गाडी तुमच्या शेडमध्ये गंजतेय असंही तिला वाटतं. ती शनिवारी लॅब बघायला येणार आहे, आणि माझी शिक्षा शुक्रवारी संपते. तुम्ही तिला दोन ओळी लिहून खरं काय ते हळूच सांगाल का? तुमचं ती ऐकते.

ता. क. दुसरा. शिक्षा एका दिवसाने वाढवा अशी विनंती केली. मालकीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

ता. क. तिसरा. पत्र टाकायचं राहिलं, आज शुक्रवार, आणि आई एक दिवस आधीच आली. मी स्टुलावरच होते! मनात म्हटलं, जिंकले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तू आणि एका जागी? किती दिवसांची शिक्षा आहे?” मग माझी काळी नखं बघून म्हणाली, “प्लग किती किलोमीटरला बदललास?” मामा, लग्नाआधी ही गाडी तुमच्यापेक्षा जास्त आईच चालवायची, हे तुम्ही मला कधी सांगणार होता? नंबर तिला तोंडपाठ आहे. साधा प्लग, तिने स्वतः जाऊन आणला, स्वतः बसवला.

ता. क. चौथा. “एक फेरी मारून येते,” म्हणून आई गाडी घेऊन गेली, त्याला पाऊण तास झाला. स्कूटरवाला आज आला नाही, आणि काउंटरवरचे तीन डबेही दिसत नाहीत. मालकीणबाई विचारतायत की तिला कायमचं ठेवून घेता येईल का. तातडीने या.