पोप येईपर्यंत पोर थांबत नाही

म्हैसूर

इनासदादा,

तुला आणि आईला रेजिनाचा जय येशू. आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?

तुझं पत्र मिळालं. परत तेच. थांब, आता मोकळ्या मनाचा पोप येईल, मग हिंदूशी कचेरीत लग्न केलेल्या बाईच्या पोराचाही बाप्तिस्मा होईल. अरे, मागच्या वेळीही हेच लिहिलंस. तो हसरा पोप निवडून आला आणि महिनाभरातच वारला. तुमच्या चर्चच्या मंडळाला चहा पीत आशा धरायला काय जातं? इथले फादर मला दारातूनच म्हणाले, "आधी चर्चमध्ये लग्न नीट कर."

सासूबाई म्हणतात, "आमच्या विठोबाला तू चालतेस की गं. तुझ्या पोपाला पोर का चालत नाही?" काय सांगू त्यांना?

परवा माझ्या अंतोनला ताप चढला, त्यानं डोळे फिरवले. हे डॉक्टरला आणायला धावले. मी घाबरले. जीव जायची वेळ आली तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, असं शाळेत सिस्टरनी शिकवलेलं. तांब्या घेतला, अंतोनचं नाव घेतलं, बाप्तिस्म्याचे शब्द म्हणत त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. सासूबाईंना वाटलं तापासाठीच. त्यांनीच त्याचं डोकं धरलं, "अय्यो, अजून घाल गं!"

ताप उतरला. आता दूध पितो. आईला यातलं काही सांगू नकोस.

एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करत नाहीत ना? मग होऊ दे कोण होतो तो पोप, मला त्याच्याकडे काही मागायचं नाही. फक्त रडताना "पित्याच्या, पुत्राच्या" नंतरचं "पवित्र आत्म्याच्या नावाने" तोंडातून नीट निघालं की नाही, ते आठवत नाही. तेवढ्यानं अडणार नाही ना, दादा?

लवकर लिही.

तुझी
रेजिना