अडीच फूट पाण्यात

सोलापूर,
४ नोव्हेंबर

प्रिय निवेदिता,

अक्षर माझं आहे म्हणून घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. दोन वर्षं आपण दोघं तिच्याच तोंडून बोलतोय, त्यामुळे तिला आता तुझा राग आणि माझा ताठा दोन्ही हुबेहूब जमतात. गेल्या महिन्यात तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "पोरीला समुद्रातल्या प्रवाळांचे फोटो काढायचं काम मिळालंय. पाण्याखाली कुठला कॅमेरा चालेल, असं विचारतेय." मी पेपरात तोंड खुपसलं आणि जेवण झाल्याबरोबर चौकशीला बाहेर पडलो. पस्तीस वर्षं लग्नं टिपणाऱ्याला पोरीने काही विचारलं होतं.

कॅमेऱ्याच्या दुकानातला मल्लिकार्जुन म्हणाला, "अप्पा, सोलापुरात पाण्यातला कॅमेरा मागणारे तुमीच पहिले की. हितं नळाला पाणी पाच दिवसांआड येतंय." तू बँकेची परीक्षा सोडून मालवणला बुड्या मारायला निघालीस तेव्हा हेच नळाचं वाक्य मी तुला ऐकवलं होतं, वर आणखी बरंच काही. दुसऱ्याच्या तोंडून ते किती बाष्कळ वाटतं ते त्या दिवशी कळलं.

मी आधी लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा पसंत केला. मग समजलं की पाणबंद पेटी, म्हणजे ते हाउसिंग, ब्लाउजसारखी एकाच मापावर शिवलेली असते. एका मॉडेलची दुसऱ्याला बसत नाही, शिवाय प्रत्येक लेन्सला पुढची काच वेगळी. म्हणून आधी पेटी बघायची, मग कॅमेरा. शेवटी पंजात मावेल असा छोटा ठरवला. खोल गेलं की लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो म्हणे, म्हणून सोबत दिवाही घेतला. जन्मभर शालू आणि कुंकू टिपलेल्या माणसाला ही बातमी जरा लागलीच.

पेटी आल्यावर नियमाप्रमाणे आत नुसता टिश्यू पेपर ठेवून ती तासभर हौदात बुडवली. कागद कोरडा निघाला. मी कॅमेरा आत बसवणार एवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली. नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरायची नाही. स्टुडिओतला प्रत्येक कॅमेरा तिच्याच हातून पुजलेला आहे, त्यामुळे मीही पेटी पुढे केली. फक्त या वेळी झाकण उघडं होतं. हळद, कुंकू, अक्षता आणि वर कापसाचं वस्त्र. मी चष्मा न लावताच सगळं झटकलं आणि कॅमेरा घालून पेटी हौदात सोडली. आधी एक बुडबुडा आला, मग रांगच लागली. झाकणाच्या रबरी कड्यात कापसाचा केसाएवढा धागा अडकला होता. भिजून बंद पडलेला कॅमेरा बघून मल्लिकार्जुनने विचारलं, "किती खोल नेला होता, अप्पा?" मी म्हटलं, अडीच फूट. तो बिचारा माझ्यासमोर हसला नाही, आत जाऊन हसला. आई मात्र दोन दिवस देवाशी बोलली नाही.

आता दुसरा कॅमेरा आणलाय. पूजा फक्त खोक्याची झाली. हौदाच्या तळाशी ठेवलेल्या पितळी तांब्याचा झकास फोटो निघालाय.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. कॅमेरा कुरियरने पाठवा, असं तू आईला सांगितलंस. मी पाठवणार नाही, घेऊन येणार आहे. तू पाण्यात उतरतेस त्या दिवशी आई देवापुढे बसते आणि मी स्टुडिओत भरलेल्या बॅटऱ्या पुन्हा चार्जिंगला लावतो. हे तिने तुला सांगितलं नसेल, मीच सांगू दिलं नाही. मी घाबरलो होतो, निवेदिता, आणि घाबरून नको ते बोललो. माझं चुकलंच. महिनाभर रोज सकाळी पोहायला शिकतोय, पाठीला डबा बांधून. शिकवणारी राजेश्वरी तुझ्याहून लहान आहे आणि सगळ्यांदेखत माझ्यावर खेकसते. डबा अजून सुटलेला नाही. पण तू पाण्याखाली काय बघतेस ते मला एकदा तुझा हात धरून बघायचंय. तुला नको असेल तर एसटी स्टँडवर कॅमेरा देऊन मी परत फिरेन, मनात काही ठेवणार नाही. मात्र ये म्हण किंवा नको म्हण, या वेळी निरोप आईजवळ देऊ नकोस. माझा नंबर तोच आहे.

तुझाच,
अप्पा