कणगीतला स्टार्टअप

१७ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. मोठे फाउंडर रोज लिहितात असं एका व्हिडिओत पाहिलं. व्हिडिओ अर्धाच पाहिला, मुद्दा कळला.

निर्णय झाला. आमचा इंद्रायणी तांदूळ ऑनलाइन विकायचा. आबा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी घरी खाण्यापुरता तांदूळ कणगीत भरतात आणि उरलेला माल कामशेतच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात. व्यापारी काय करतो? मधे उभा राहतो. हा मधला माणूस काढून टाकायचा आणि त्या जागी मी उभं राहायचं. बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला हेच शिकवतात.

आबांना प्रेझेंटेशन दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून बैलांना पाणी पाजून आले आणि मग बोलले. निम्मा माल माझा. महाशिवरात्रीपर्यंत विकून दाखवला तर पुढच्या साली सगळा माझ्या ताब्यात. नाही तर पाडवा झाला की आकाशदादाच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला लागायचं, कॉलेज दुपारी. आकाशदादा म्हणजे मामाचा मुलगा. तळेगावला सुपरवायझर आहे. आमच्याकडे जेवायला आला तरी वाढणाऱ्यांना सूचना देतो.

पहिल्या शिफ्टची बस फाट्यावर साडेपाचला येते. पहाटे पाचला उठून दुसऱ्याच्या मशीनपुढे उभं राहणं माझ्या स्वभावात नाही.

उद्यापासून पहाटे पाचला उठून बिझनेस प्लॅन.

१८ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

गजर पाचला वाजला. अपेक्षा म्हणते, तो वाजतच राहिला आणि शेवटी तिनं उठून बंद केला. धाकटी बहीण बारावीला आहे, जागी झालीच आहे तर म्हणून तिनं अभ्यास केला. माझ्यामुळे घराला शिस्त लागते आहे.

२६ नोव्हेंबर

ब्रँडचं नाव ठरलं. मावळिशस. मावळ आणि डिलिशस. आईला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण दळण आणायला कधी जातोस.

पायललाही सांगितलं. पायल माझ्या वर्गात, लोणावळ्यात तिच्या घरचं चिक्कीचं दुकान. तिनं विचारलं, गिऱ्हाईक कोण? म्हटलं, भूक लागणारा प्रत्येक माणूस. ती म्हणाली, म्हणजे अजून ठरलं नाही. चिक्कीवाल्यांना व्हिजन नसते.

पाऊचवर छापायला टॅगलाइन सुचली: ‘मावळच्या मातीचा वानवळा, थेट तुमच्या दारी’. लिहिताना माझं मलाच भरून आलं. खाली ‘सिन्स १९७१’. आबांनी विचारलं, त्या साली काय झालं? म्हटलं, सिन्स असल्याशिवाय ब्रँड वाटत नाही. ते म्हणाले, त्या साली आपल्या रानात नाचणी होती.

पाऊच कमीत कमी हजार घ्यावे लागतात. घेतले. कमीच पडतील.

३ डिसेंबर, दुपारी

वेबसाइट लाइव्ह! लिंक ‘भावकी टाकवे’, ‘मामाकडची मंडळी’ आणि ‘बैलगाडा प्रेमी’ या तिन्ही ग्रुपवर टाकली. मार्केट मोठं आहे, सुरुवात कुठून तरी करावी लागते.

३ डिसेंबर, संध्याकाळी

पहिली ऑर्डर! पाच किलो, देहूरोड. ग्राहकाचं नाव भामाबाई. माझ्या आत्याचं नावही भामाबाई आणि तीही देहूरोडलाच राहते. काय योगायोग असतात.

६ डिसेंबर

आत्याच निघाली.

कान्ह्याहून लोकलनं गेलो. आत्यानं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. मटण केलं होतं. जेवण झाल्यावर मी क्यूआरचं कार्ड सहज दिसेल असं ताटाशेजारी ठेवलं. आत्यानं ते उचलून फ्रिजवर ठेवलं, ओलं होईल म्हणून. मग मी स्पष्टच विचारलं. प्रोफेशनल राहायचं ठरवलं होतं.

आत्यानं पदराला हात पुसले. “माऊली, भावाच्या रानातला तांदूळ म्या इकत घेऊ व्हय? उद्या लोकं दादाला काय म्हनतील? आन पिशवीवर तर तूच लिवलंयस की वानवळा म्हनून.”

निघताना शर्टपीस आणि नारळ दिला. नोंद: ऑर्डर पूर्ण, पेमेंट वस्तुरूपात.

आईला हे घरी येण्याआधीच फोनवर कळलं होतं. नणंदेच्या दारात जाऊन पैसे मागितले म्हणून ती रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. धंद्यात घरच्यांचा पाठिंबा लवकर मिळत नसतो.

१५ डिसेंबर

ऑर्डरींचा पाऊस. देहूरोड, कान्हे, वडगाव, पिंपरीत तीन ठिकाणी. टाकव्यातला माल आला की कळवा असं आईच सगळ्यांना फोन करून सांगते आहे. फुकटात मार्केटिंग.

ग्राहकांशी नातं जोडा असं सर सांगतात. माझ्या बाबतीत ते आधीच जोडलेलं निघतं. चुलत आत्या, आईची मावससासू, आबांचे साडू. नवा तांदूळ आला की नात्यात थोडाथोडा पोचवायचा ही आमच्याकडची वानवळ्याची रीतच, त्यामुळे कुणाला पैशाचा विषय सुचतच नाही. मलाही आता दारात सुचत नाही, कारण तोवर समोर ताट आलेलं असतं. परत येताना पिशवीत कुरडया, लोणचं, एकदा सोलापुरी चादर. कान्ह्याच्या भागुबाई मावशीनं कोंबडा दिला.

पायलनं विचारलं, कमाई किती? सांगितलं, सध्या ग्राहक मिळवण्याचा टप्पा आहे, मोठ्या कंपन्याही सुरुवातीला नफा बघत नाहीत. ती म्हणाली, त्यांना कोंबडा तरी मिळत नाही.

१७ डिसेंबर, पहाटे ५

कोंबडा ओरडतो.

१७ डिसेंबर, सकाळी ९.४०

कोंबडा गोठ्याच्या पलीकडे हलवला.

२२ डिसेंबर

अनोळखी ग्राहक! वाकडच्या एका सोसायटीतल्या मॅडम. आमच्या नात्यात नाहीत. आईकडून दोनदा खात्री करून घेतली. पैसेही आधीच ऑनलाइन भरले. पाऊचसोबत भात कसा करावा याचं देखणं कार्ड टाकलं, मजकूर इंटरनेटवरून घेतला.

२७ डिसेंबर

मॅडमनी एक स्टार दिला. फोटोही टाकला. पातेल्यात खळ दिसते.

पायल म्हणाली, कार्डावर बासमतीचं पाणी लिहिलं आहेस, नव्या इंद्रायणीला एवढं पाणी घातल्यावर दुसरं काय होणार. हे सगळ्यांना माहीत असतं म्हणे. सगळ्यांना माहीत असतं तर मॅडमना का नव्हतं? मी वेबसाइटवर उत्तर लिहिलं की हे पारंपरिक मावळी टेक्स्चर आहे. आईनं फोटो पाहिला आणि मॅडमना फोन लावून, माझ्या मुलाला भात येत नाही, असं सांगून माफी मागितली. वर दोन किलो तांदूळ पाठवून दिला. आता त्याही नात्यातल्याच झाल्या. आईला ताई म्हणतात.

१८ जानेवारी, रविवार

लोणावळ्यात पायलच्या दुकानापुढे स्टॉल. पर्यटक हाच माझा खरा ग्राहक हे आता ठरलं. स्वेटर घालून सकाळपासून उभा होतो. चार जणांनी टायगर पॉइंटचा रस्ता विचारला. एका काकांनी तांदळाची चिक्की आहे का विचारलं. एका बाईनं माझ्या हातात मोबाइल देऊन सगळ्या कुटुंबाचा फोटो काढून घेतला. मी मागे पाऊच दिसेल असा काढला.

दुपारनंतर पायलच्या दुकानात गर्दी झाली म्हणून आत जाऊन पुडे बांधू लागलो. शेंगदाणा, तीळ, ड्रायफ्रूट. माझा हात चांगला चालतो असं तिचे वडील म्हणाले. चिक्की खूप विकली गेली.

बाजारपेठ समजून घेण्याच्या दृष्टीनं दिवस सत्कारणी.

२७ जानेवारी

माल संपला! सगळी पोती रिकामी. लोक उगाच म्हणतात, धंदा अवघड असतो.

अडचण एकच, ऑर्डरी अजून येताहेत. आबांच्या मावसबहिणीला पोचलं आणि तिच्या जावेला नाही, असं झालं तर चैत्रातल्या जत्रेत आईला कुणी बोलायचं ठेवणार नाही. विचार करून मार्ग काढला. कणगीत घरचा तांदूळ आहेच. त्यातून तात्पुरता घ्यायचा. हे एका विभागातून दुसऱ्या विभागात माल हलवणं झालं, मोठ्या कंपन्यांत रोज होतं. अपेक्षानं बघितलं. तिला म्हटलं, इंटर्नल ट्रान्सफर. ती म्हणाली, आईला सांगू का? म्हटलं, आत्ताच नको. कंपनीत काही गोष्टी गोपनीय असतात.

८ फेब्रुवारी

आईनं भात करणं बंद केलं आहे. दोन्ही वेळा भाकरी. बरंच झालं, हल्ली सगळीकडे मिलेटचंच चाललं आहे. आबा दोन घास भात खाल्ल्याशिवाय ताटावरून उठत नाहीत. आज ताकात भाकरी कुस्करून खाल्ली.

कणगीत डोकावलो. तळ दिसतो. स्वच्छ आहे.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

रिव्ह्यू मीटिंग. आबा ओट्यावर रताळं सोलत बसले होते. लॅपटॉप दाखवला. ऑर्डरी एकूण एक पोचल्या, शिल्लक माल शून्य, तक्रार एकच आणि तीही आता नात्यातली झालेली. आबांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“इकला का वाटला?”

मी समजावलं की वेबसाइटवर दोन्ही एकाच रकान्यात येतात. आबांनी रताळ्याचा अर्धा तुकडा मला दिला आणि गोठ्यात गेले.

मला वाटतं, जिंकलो.

२ मार्च

आकाशदादाचा मेसेज. बुटाचा नंबर विचारतो आहे. वाढदिवस तर जूनमध्ये आहे.

१६ मार्च, रात्री

नवी ऑर्डर! महिनाभरानं! दहा किलो, कॅश ऑन डिलिव्हरी. आनंदानं ओरडलो, कोंबडापण ओरडला.

मग पूर्ण वाचली.

ग्राहक: दत्तोबा. पत्ता: टाकवे बुद्रुक, मारुतीच्या देवळामागं, कणगीशेजारी. सूचना: पाडव्याला भामाआत्या येनार हाये. घरात तांदूळ न्हाई.

टाइप अपेक्षानं केलं, हे कळतंच. सांगितलं आबांनी, हेही कळतं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. ऑर्डर कॅन्सल करायचं बटण मी वेबसाइटवर ठेवलेलंच नाही.

१७ मार्च

कामशेतला गेलो. आमचा व्यापारी दुकानावर होता. तांदूळ मागितला तर त्याला आधी वाटलं, मी चेष्टा करतो आहे. दत्तोबांच्या घरी विकतचा तांदूळ? असं त्यानं दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं. आमचाच शिल्लक आहे का विचारलं. तो म्हणाला, तो केव्हाच पुण्याला गेला, लोक रांग लावून नेतात. जो होता तो घेतला.

घरामागे बसून पाऊचमध्ये भरला. मग पुढच्या दारानं आलो आणि कडी वाजवली, कारण ऑर्डर ती ऑर्डर. आबांनी दार उघडलं. पाऊच फोडला, चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन वास घेतला.

“ह्यो आपला न्हाई,” म्हणाले.

तरी कोपरीच्या खिशातून पैसे काढून पुढे केले. मी हात मागे घेतला. आपल्याच बापाला विकतचा तांदूळ आणून दिला होता, वर त्याचे पैसे घ्यायचे? मला लाज वाटली. ग्राहक मिळवण्याचा टप्पा वगैरे काही सुचलं नाही, नुसती लाज वाटली.

आबांनी पैसे माझ्या शर्टाच्या खिशात कोंबले. “घे. तुजं पयलं गिऱ्हाईक म्याच व्हायला पायजे हुतो. पुढच्या साली आदी वानवळा येगळा काढून ठिवायचा, मंग काय इकायचं ते इक. आन कणगीला हात लावायचा न्हाई.”

आई आतून म्हणाली, पाणी तापलंय, तांदूळ आणा.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड, बटाट्याची भाजी, वरणभात. भामाआत्यानं पहिला घास खाल्ला आणि आईकडे बघितलं. म्हणाली, माऊली घेऊन आला होता तो तांदूळ किती गोड होता, हा कुठून आणला? आईनं तिला वरण वाढलं. आबांनी भात परत मागून घेतला आणि पोटभर जेवले. मी ताटाकडे बघत होतो.

आत्यानं निघताना विचारलं, पुढच्या साली पाठवशील ना? मी हो म्हणालो. पायलचा मेसेज आला, शनिवार-रविवार दुकानात माणूस हवा आहे, बाबांनी तुझं नाव घेतलं. तिला लिहिलं, फाउंडर विचार करून कळवेल. दोन मिनिटांनी कळवलं.

राहिलेल्या पाऊचमध्ये आईनं मिरच्या, शेंगदाणे आणि आबांची तंबाखू भरून ठेवली आहे. छान दिसतात. सिन्स १९७१.

२० मार्च, पहाटे ५

उठलो. नवे बूट बरोबर बसतात. आईनं डबा भरला. बस साडेपाचला.

कोंबडा अजून झोपला आहे.