यंत्राच्या तोंडातला बर्फ

प्रिय किकुए,

तोक्योत नुसतं कोरडं ऊन आहे. बांधकाम जोरात चालू आहे, जेवण बरं मिळतं, माझी काळजी नको. आईची कंबर कशी आहे? छपरावरचा बर्फ उतरवायला तू चढू नकोस, भावोजींना बोलाव.

बर्फ फेकायचं यंत्र सुरू होऊन लगेच बंद पडतं, असं तू लिहिलं होतंस. मी उत्तर लिहायला बसलो होतो. टाकीचं झाकण जरा सैल करून बघ. तेवढ्याने चालत राहिलं, तर झाकणाच्या बारीक भोकात बर्फ धरलाय. तरी बंद पडलं, तर गेल्या हिवाळ्याचं पेट्रोल काढून नवं भर.

माझ्या खोलीत राहणारा कान्सुके खिदळत होता. "लेका, बायको तिकडे बर्फ उपसतेय आणि तू झोपेत इंजिनाची दोरी ओढतोस! काल माझी चादरच ओढलीस."

इथवर लिहिलं, तेवढ्यात आपल्या नाओएचं कार्ड आलं. 'बाबा, यंत्र चाललं. मग त्याच्या तोंडात बर्फ अडकला, तो आईने काढला. सगळं ठीक आहे.'

कशाने काढला? त्यासाठी मी यंत्राच्या मुठीला दांडा बांधून ठेवलाय ना? इंजिन बंद केलं, तरी तोंडातलं अडकलेलं पातं मोकळं होताच एक झटका मारतं. कान्सुके उगाच उरलेल्या तीन बोटांनी पेला धरत नाही. कार्ड वाचून त्याचंही हसू मावळलं.

लग्नापासून घरचं प्रत्येक पत्र तुझ्या अक्षरात आलंय. हे लेकीने का लिहिलं?

मला खुशाली नको. तुझ्या उजव्या हाताने नुसतं तुझं नाव लिहून पाठव.

टपालाकडे डोळे लावून बसलेला,
तोकुजी