डबा भरलाच परत आला

कामरगाव,
१३ जानेवारी २०२६

प्रिय पल्लवी,

जय भीम. इकडे सगळं ठीक. आई तुरीच्या सोंगणीला जाते. तुमच्या वसतिगृहात मोबाइल चालत नाही आणि आलेलं पत्र वॉर्डन मॅडम आधी वाचतात, म्हणून अक्षर नीट काढतोय. मॅडम, तुम्हालाही जय भीम.

आता शाळेची गंमत ऐक. विज्ञानाच्या सरांची जागा अजून रिकामीच आहे. प्रयोगशाळेत खिचडीच्या तांदळाची पोती. दहावीची प्रात्यक्षिकं जवळ आली म्हणून गणिताचे सरच प्रयोग घेतात. आम्ल-आम्लारी शिकवायला त्यांनी घरून लिंबू, खायचा सोडा आणि हळद लावलेले कागद आणायला सांगितले. सोड्याने कागद लाल झाला तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. परीक्षानळ्या नाहीत, म्हणून लिंबू आणि सोडा पाण्याच्या पेल्यात एकत्र केला. फेस वर आला आणि ग्यानबाने पेला उचलून पिऊनच टाकला!

सर ओरडले, "अरे बह्याडा, प्रयोग होता तो! आता निष्कर्ष काय लिहिशीन?"

ग्यानबा म्हणतो, "सर, मीठ कमी हाये."

हसलीस का? तेवढ्यासाठीच एवढं लिहिलं.

तुमच्याकडे प्रत्येकाला वेगळा सूक्ष्मदर्शक, दर शनिवारी टेस्ट, भिंतीवर नंबर. आपण जुळे, पण तिकडे एकालाच पाठवणं जमणार होतं आणि हुशार तू. मला त्याचं वाईट वाटत नाही. खोटं कशाला बोलू, पहिले वाटलं होतं.

रविवारी वसतिगृहाच्या फोनवर मी तुला मुद्दाम पुस्तकी किडा म्हणालो. तू भांडली नाहीस. "बरं हाये, आईले दे," एवढंच.

आणि तो डबा. आईने दिलेली चटणी-भाकर तुझ्याकडे डबा पोचवणाऱ्या लखीरामकाकांनी परत आणली, तेव्हा आई शेतात होती. मी उघडला. सगळं जसंच्या तसं. आईला कळू नये म्हणून वाळलेल्या भाकरी मीच खाल्ल्या, डबा घासून ठेवला. संध्याकाळी आई म्हणाली, "पाह्य, पोरीनं कसं चाटूनपुसून खाल्लं."

आम्हाला शिकवायला माणूस नाही याचा मला राग येतो. पण तिथे सगळं असून तुला घास जात नसेल, तर त्या सगळ्याचं करायचं काय?

वॉर्डन मॅडम, आता तुमच्यासाठी लिहितो. माझी बहीण जेवत नाही. भिंतीवरच्या नंबरात ते दिसत नाही. शनिवारी आई आणि मी सकाळच्या बसने येतोय. टेस्ट बुडाली तर बुडू द्या, पण तिला आमच्यासोबत घरी सोडा.

पल्लवी, डब्याचं आईला आज सांगणार आहे. चिडू नको. चिडलीस तरी चालेल, फोनवर तरी भांडशील.

घरी आलीस की लिंबूसोडा करून देईन. मीठ मी बघतो.

तू कधी म्हणत नाहीस, तरी तुझ्याआधी जन्मलेला
तुझा दादा,
प्रसेनजित